नामदार गोखले आणि गरिबाचे मीठ

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तीत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे असा प्रघात आहे. बहुधा ते एखाद्या राणीचे, संत स्त्रीचे किंवा समाजसेविकेचे असते. यंदा मी मुद्दाम एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे, आणि तेही सरकारी अंदाजपत्रकावर बोलणाऱ्या पुरुषाचे! अंदाजपत्रक म्हटले की आपण बायका वर्तमानपत्राचे ते पान उलटतो आणि पाककृतीकडे वळतो. पण नामदार गोपाळ कृष्ण गोखले ज्या करासाठी वर्षानुवर्षे भांडले, तो कर आपल्या चुलीशेजारच्या मिठाच्या बरणीवर होता. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. अर्थशास्त्राचे मोठे शब्द मला येत नाहीत. परंतु घरखर्चाची वही मी लग्न झाल्यापासून लिहीत आले आहे, आणि तिच्याच आधाराने हे चरित्र सांगणार आहे. भगिनींनी ते गोड मानून घ्यावे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरजवळच्या कोतळूक या गावी झाला. घराणे प्रतिष्ठित, पण पैशाची बाजू लंगडी. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. आधी कारकून आणि मग पोलिसातले फौजदार. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवीत आणि उरलेल्या सातांत स्वतःचा संसार चालवीत. सात रुपयांत संसार चालविणारी वहिनी कशी असेल हे आपण बायकांनीच ओळखावे. पुढे कॉलेजचा खर्च वाढला आणि शिक्षण बंद पडते की काय अशी वेळ आली, तेव्हा याच माउलीने आपले दागिने विकायला काढले. चरित्रकारांनी तिच्यासाठी दोन-तीन ओळीच खर्ची घातल्या आहेत. पण तिच्या अंगावरचे ते चार दागिने गेले नसते तर पुढचे काहीच घडले नसते.

विद्यार्थी असतानाची एक गोष्ट त्यांच्याविषयी सांगतात. एका मित्राने आग्रहाने नाटकाला नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. तेवढे भरून काढण्यासाठी गोपाळरावांनी दिव्याचे तेल घेणे बंद केले आणि काही दिवस रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. दोन आणे म्हणजे काय, हे ज्याला असे कळले, तो पुढे कोट्यवधी रुपयांच्या अंदाजपत्रकात आण्याची गोष्ट विसरला नाही, यात नवल नाही.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. वय अवघे अठरा. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी किंवा वकिली दाराशी उभी होती. घरच्यांच्या आशाही त्याच होत्या. तरी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात जवळजवळ वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवीत राहिले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे पडेल ते शिकवले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले.

इथे एक गोष्ट लिहिणे भाग आहे. गोपाळराव सुधारक पक्षाचे, आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राची इंग्रजी बाजू सांभाळणारे. तरी पहिली पत्नी हयात असताना वडीलधाऱ्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी दुसरे लग्न केले. पहिल्या पत्नीला असाध्य त्वचाविकार होता, असे त्याचे कारण देतात. दुसऱ्या पत्नीही दोन मुली मागे ठेवून लवकर वारल्या. हे लग्न लोकांनी त्यांच्या पदरात टाकले आणि ते त्यांना खालच्या मानेने ऐकावे लागले. बाईमाणसाच्या लेखणीतून हे सुटू नये म्हणून लिहिले.

१८८७ च्या सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या तरुणाला हाताशी धरले. सरकारी अहवाल वाचायचे, त्यांतले आकडे पडताळायचे, त्यांवरून अर्ज लिहायचे आणि तो रानड्यांना दाखवायचा, अशी कित्येक वर्षांची ती शाळा होती. गोपाळरावांना एकदा वाटले की, सरकार या अर्जांना केराची टोपली दाखवते, मग एवढा खटाटोप कशाला? रानड्यांनी त्यांना समजावले की अर्जावर नाव सरकारचे असले तरी तो खरा आपल्याच लोकांसाठी असतो. आपल्या पैशाचा विचार कसा करावा, हे लोकांनी त्यातून शिकायचे असते.

याच काळात त्यांचे लक्ष मिठाकडे गेले. १८९० साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये ते मिठाच्या कराविरुद्ध बोलले. तो कर काय होता हे आजच्या मुलींना सांगायला हवे. मिठागरांवर सरकारचा पहारा असे. समुद्र दारात असला तरी कोकणातल्या माणसाने आपल्यापुरते मीठ स्वतः बनवणे हा गुन्हा होता. चाळीस शेरांच्या पक्क्या मणाला १८८२ पासून दोन रुपये कर होता. १८८८ साली तो अडीच रुपये केला. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, आणि मणाचे शेर चाळीस. म्हणजे शेराला बरोबर एक आणा कर. मिठाच्या मूळ किमतीच्या तो कितीतरी पट होता.

आता घरखर्चाच्या वहीने हिशेब करू. पाच माणसांच्या घराला वर्षाला पंचवीस शेर मीठ लागते असे धरा. म्हणजे कर झाला पंचवीस आणे, एक रुपया नऊ आणे. ज्याला महिना दहा रुपये मिळतात त्याची ही जवळजवळ पाच दिवसांची कमाई. ज्याला महिना हजार मिळतात त्याची अर्ध्या तासाचीही नव्हे. आणि श्रीमंत काही शंभरपट मीठ खात नाही. उलट ज्याच्या पानात भाकरीबरोबर दुसरे काही नाही, त्याचीच भाकरी मीठ-मिरचीवर जाते. ज्याने गुरे पाळली आहेत त्याला गुरांसाठीही मीठ लागते.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. सरकारचे म्हणणे असे की, राज्याचा बंदोबस्त, रस्ते, न्यायकचेऱ्या सर्वांसाठी आहेत. मग प्रत्येकाने थोडेतरी द्यायला नको काय? भूमिहीन मजूर शेतसारा भरत नाही, प्राप्तिकर भरत नाही. मिठावाटे तो वर्षाला चार-सहा आणे देतो आणि देताना त्याला ते कळतही नाही. सर्वांना एकच दर, यात अन्याय कोठे आहे?

भगिनींनो, हा प्रश्न आपल्या मंडळातही येतो. हळदीकुंकवाची वर्गणी सर्वांना सारखी ठेवावी की ऐपतीप्रमाणे, यावर आपले एकमत क्वचितच होते. सारखी ठेवली तर कोणाचा मिंधेपणा नाही. हे खरे. पण जिच्या घरी महिनाअखेरीला डबे रिकामे होतात तिला तीच वर्गणी जड जाते आणि ती त्या दिवशी यायचेच टाळते. मिठाचे असेच होते. सणाला गैरहजर राहता येते, मिठावाचून राहता येत नाही, एवढाच काय तो फरक.

गोपाळरावांचे उत्तर आकड्यांतून आले. १८८६ च्या कायद्याने प्राप्तिकर बसला होता. वर्षाला पाचशे ते दोन हजार रुपये मिळवणाऱ्याने रुपयाला चार पै द्यावी आणि त्यावरच्याने पाच पै. म्हणजे लखपती आणि हेडक्लार्क यांच्यात अंतर एका पैचे! शेतीच्या उत्पन्नाला हा कर लागू नव्हता, त्यामुळे बंगालसारख्या प्रांतांतले मोठे जमीनदार त्यातून सुटले. मिठातून मात्र प्राप्तिकरापेक्षा कितीतरी पट उत्पन्न येत असे. याशिवाय १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर होता. विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना चुरस नको म्हणून तो बसवला होता आणि तो आपल्या गरीब बायकांच्या जाड्याभरड्या लुगड्यातून वसूल होई. जो अंगावर घेतो आणि जो जिभेवर ठेवतो, दोघांवर कर. पण जो तिजोरीत ठेवतो त्याच्याकडे नजर सौम्य. हा असमतोल गोपाळरावांनी चव्हाट्यावर मांडला.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेला गेले. दादाभाई नौरोजी त्या कमिशनचे सभासद होते. दादाभाईंचे म्हणणे असे की, मूळ रोग करात नसून कराचा पैसा देशाबाहेर वाहून जातो यात आहे. लष्कर, पेन्शने, व्याज यांसाठी दरवर्षी कोट्यवधी रुपये विलायतेत जात. घरातून वसूल केलेला पैसा घरातच खर्च झाला तर तो फिरून कोणाच्या तरी हाती येतो. बाहेर गेला तो गेला. गोपाळरावांनी हा विचार पुरता आत्मसात केला. त्यांची साक्ष गाजली. पण त्याच दौऱ्यात, पुण्याच्या प्लेग-बंदोबस्तातील सोल्जरांच्या वर्तनाविषयी घरून आलेल्या पत्रांवरून त्यांनी विलायतेत काही विधाने केली. परत आल्यावर पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांची फार टर उडवली. त्यानंतर पडताळून पाहिल्याशिवाय एक आकडासुद्धा त्यांनी तोंडातून काढला नाही.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात आणि १९०१ मध्ये फिरोजशहा मेहतांच्या जागी कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन समोर बसलेले. त्या वर्षी तिजोरीत सात कोटींची शिल्लक पडली होती आणि सारे सभासद अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होते. पस्तिशीतल्या या पुणेकर शिक्षकाने मात्र अभिनंदन करायला नकार दिला.

शिल्लक पडली यात वाईट काय, असे आपल्याला वाटेल. आपण तर महिनाअखेरीला चार रुपये उरले की आनंदाने डब्यात टाकतो. पण ही शिल्लक कुठून आली ते पाहा. विलायतेला द्यायचा पैसा पौंडात असे आणि इथली वसुली रुपयांत. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाची किंमत सुमारे तेरा पेन्सांपर्यंत घसरली, तेव्हा तीच रक्कम फेडायला जास्त रुपये लागू लागले. त्या तुटीचे आणि लष्करी खर्चाचे ओझे म्हणून कर चढलेले राहिले. पुढे सरकारने रुपया सोळा पेन्सांना बांधला. तूट गेली, पण तिच्यासाठी बसवलेले कर तसेच राहिले. तेच पैसे शिल्लक म्हणून दिसू लागले. आणि हे कोणत्या वर्षांत? १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि वर प्लेग! घरात पोरे उपाशी आणि पेटीत पैसे साठलेले, अशा गृहिणीला आपण काटकसरी म्हणणार नाही. गोपाळरावांनी सभ्य भाषेत सरकारला हेच सुनावले: रयतेची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी मेळ नाही, आणि ही शिल्लक म्हणजे रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतल्याचा पुरावा आहे.

मीठकर उतरवला तर नुकसान होणार नाही, हेही त्यांनी दाखवले. ब्रह्मदेशात कर मणाला एकच रुपया होता आणि तिथे माणशी मीठ बरेच अधिक खपत होते. आपल्याकडे कर चढल्यावर खप मागे पडला. म्हणजे लोक मिठात हात आखडता घेत होते. कर उतरला की खप वाढेल आणि तूट बरीचशी भरून निघेल, असा त्यांचा हिशेब होता. १९०३ साली सरकारने कर अडीचावरून दोन रुपये केला आणि वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळवणाऱ्यांना प्राप्तिकरातून सोडले. १९०५ साली मिठाचा कर दीड रुपया झाला. १९०७ साली एक रुपया. शेराला एक आण्याचा कर पाच पैच्या आत आला. खपही वाढला, हे त्यांनी पुढच्या भाषणांतून सरकारला दाखवून दिले. हे सर्व एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणता येणार नाही. काँग्रेस दर वर्षी ठराव करीत होती आणि तिजोरीही भरलेली होती. पण दर वर्षी न चुकता उभे राहून आकड्यांनिशी मागणी करणारा माणूस ते होते.

त्यांच्यावर टीकाही खूप झाली. लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे म्हणणे असे की, तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती आहेत त्याच्याकडे चार आण्यांची सूट मागत बसण्यापेक्षा किल्ल्याच मागाव्यात. यातही मोठे तथ्य होते. गोपाळरावांना वाटे की, किल्ल्या मिळाल्या तरी हिशेब कळणारी माणसे हवीत, आणि ती आधी तयार केली पाहिजेत. याच हेतूने १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. जुजबी वेतनावर आयुष्य देशकार्याला देणारी माणसे त्यांनी गोळा केली. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातील सेवासदनासाठी झटणारे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांतलेच.

आता या चरित्रातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग सांगते. १९११ च्या मार्चमध्ये गोपाळरावांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे, जिथे नगरपालिका किंवा लोकलबोर्ड तयार असेल तिथे, सक्तीचे व्हावे, आधी मुलग्यांना आणि पुढे मुलींना. ज्या आईबापांची मिळकत महिना दहा रुपयांच्या आत आहे त्यांना फी माफ. खर्चाचे दोन वाटे सरकारने उचलावे आणि एक स्थानिक संस्थेने, लागल्यास शिक्षणपट्टी बसवून. म्हणजे कर कमी करा म्हणून दहा वर्षे भांडलेला माणूस आता कर द्या म्हणू लागला! आणि याहून पुढे जाऊन त्यांनी सांगितले की, दुसरी सोयच नसेल तर मिठावर मणाला आठ आणे वाढवलेले मला चालतील. माझ्या देशबांधवांनी मीठ थोडे कमी खाल्ले तरी चालेल, पण त्यांच्या पोरांनी अडाणी राहू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

वाचताना प्रथम वाटते की, हे बोलणे फिरवणे झाले. पण घरातली बाई याचा अर्थ चटकन ओळखते. गोपाळरावांच्या वहिनीने दागिने विकले ते दिराच्या शिक्षणासाठी. तेच दागिने कोणी जबरदस्तीने काढून नेऊन शेजारच्या गावात मेजवानी घातली असती तर? दागिने दोन्ही वेळा जातातच. गोपाळराव दोन प्रश्न विचारीत होते. एक, हा पैसा कोणाच्या खिशातून येतो आणि त्याला किती जड जातो? दोन, तो परत कोणाच्या दारी जातो? लष्करावर जाणारा आणा आणि खेड्यातल्या शाळेवर जाणारा आणा त्यांच्या वहीत एकाच रकान्यात बसत नव्हते.

हा दुसरा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात त्यांच्याही आधी एकाने विचारला होता. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी स्पष्ट मांडले की, शिक्षणाचा पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. शेतकऱ्याच्या पोरांना गावात धड शाळा नाही. जोतीराव आणि गोपाळराव यांच्या वाटा निराळ्या, भाषा निराळी. पण तीस वर्षांनी गोखल्यांचे विधेयक त्याच तक्रारीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

१९ मार्च १९१२ रोजी हे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारला खर्च नको होता. काही जमीनदारांना गुराखी पोरे शाळेत गेलेली नको होती. नव्या पट्टीने लोक चिडतील, असे इतर काहींचे म्हणणे होते. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. तो पाहायला गोखले राहिले नव्हते.

त्याच वर्षी, म्हणजे १९१२ च्या ऑक्टोबरात, प्रकृती ढासळलेली असतानाही ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे नाताळ प्रांतात ऊसमळ्यांवर आपल्याकडचे मजूर कराराने नेलेले होते. करार संपल्यावर ज्याला तिथेच राहायचे असेल त्याने दर वर्षी तीन पौंड भरावे, असा १८९५ चा कायदा होता. करारावरच्या मजुराला पगार महिना दहा शिलिंगांपासून सुरू होई. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, म्हणजे सहा महिन्यांचा पगार! आणि ही डोईपट्टी बायकोलाही वेगळी, सोळा वर्षांवरच्या मुलालाही वेगळी, तेरा वर्षांवरच्या मुलीलाही वेगळी. चौघांच्या घराला बारा पौंड. हा कर तिजोरी भरण्यासाठी नव्हताच. माणसाने पुन्हा करारात अडकावे नाहीतर देश सोडावा, एवढ्यासाठी तो होता.

गोपाळरावांनी तिथल्या मंत्र्यांची भेट घेतली आणि हा कर उठेल अशा समजुतीने ते परतले. मंत्र्यांनी मागाहून तसे वचन दिल्याचे नाकारले. मग १९१३ साली गांधीजींच्या सत्याग्रहात हा कर हा एक मुख्य मुद्दा झाला, आणि त्यात बायका पुढे आल्या. कस्तुरबा तुरुंगात गेल्या. ट्रान्सवालच्या तमिळ बायकांनी न्यूकॅसलच्या कोळसा-खाणींवर जाऊन मजुरांना काम थांबवायला सांगितले. तुरुंगातून तापाने फणफणत सुटलेली सोळा वर्षांची वल्लिअम्मा फेब्रुवारी १९१४ मध्ये मरण पावली. इकडे गोपाळराव अंथरुणाला खिळलेल्या प्रकृतीतही देशभर निधी गोळा करीत होते. १९१४ च्या मध्यात तो कर रद्द झाला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वय अठ्ठेचाळीस. मधुमेह आणि हृदयविकार यांनी शरीर पोखरले होते. ज्या टिळकांशी त्यांचे आयुष्यभर मतभेद झाले त्यांनी स्मशानात त्यांचा गौरव केला. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत.

मिठाची गोष्ट मात्र संपली नव्हती. महायुद्धाच्या खर्चापायी १९१६ साली कर पुन्हा सव्वा रुपया झाला. १९२३ साली व्हाइसरॉयने कायदेमंडळाचे न ऐकता तो दुप्पट, म्हणजे पुन्हा अडीच रुपये केला आणि वर्षभराने उतरवला. १९३० साली गांधीजी दांडीला चालत गेले. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला. मुंबईत चौपाटीवर कमलादेवी चट्टोपाध्यायांसारख्या बायकांनी चुली मांडून समुद्राचे पाणी आटवले. अखेर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, एप्रिल १९४७ मध्ये, मिठाचा कर गेला.

आज आपण दुकानातून साबण, बिस्किटे, औषधे आणतो त्यांत कर असतोच, आणि तो मोलकरणीला आणि मालकिणीला एकाच दराने पडतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मीठ त्यातून वगळलेले होते, पण मासिक पाळीच्या सॅनिटरी नॅपकिनवर बारा टक्के कर होता. देशभरच्या बायकांनी तक्रार केली आणि जुलै २०१८ मध्ये तो उठला. म्हणजे गोपाळरावांचा पहिला प्रश्न अजून उपयोगी पडतो. दुसराही पडतो. आपल्या वॉर्डातली शाळा, दवाखाना, नळाचे पाणी हे सारे त्या पैशातूनच यायचे असते.

आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदारबाई जमाखर्च वाचतात तेव्हा आपली निम्मी मान चहाच्या किटलीकडे वळलेली असते. यंदा तेवढी दहा मिनिटे सर्वांनी नीट ऐकावे, आणि ज्यांना कळले नाही त्यांनी उठून विचारावे. नामदार गोखल्यांची आठवण ठेवायची तर याहून सोपी रीत मला सुचत नाही.